दोन हजार वार सूत : घरोघरी कातलेलं, एकत्र मोजलेलं

मंडळी, आज विणकामाच्या गटांबद्दल बोलायचं आहे. मोबाइलवर ओळख झालेल्या बायका आपापल्या घरी एकाच मापाचे तुकडे विणतात, एका पत्त्यावर धाडतात आणि त्यांची मोठी चादर होते. ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाच्या अशाच चादरीचा गिनेस विक्रम झाला. चादर ११,१४८.५ चौरस मीटरची होती! म्हणजे पावणेतीन एकर. यातल्या कितीतरी जणींनी एकमेकींना आधी पाहिलंही नव्हतं.

आपण म्हणतो, इंटरनेटमुळे हे शक्य झालं. पण हात दूरदूर आणि काम एक, ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेली आहे. फक्त तेव्हा तुकडे नव्हते, सूत होतं. आणि निरोप टपालानं जात.

जून १९२४ मध्ये अहमदाबादला काँग्रेस महासमितीची बैठक झाली. तिथं ठरलं, की काँग्रेसच्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांनी रोज किमान अर्धा तास कातावं आणि दरमहा २,००० वार सारखं, पिळदार सूत खादी मंडळाकडे पाठवावं. २,००० वार म्हणजे एक किलोमीटर आठशे मीटरहून थोडं जास्तच. डिसेंबरात बेळगावला गांधीजी अध्यक्ष होते. तिथं हा नियम साध्या सभासदापर्यंत आला : वर्षाला २४,००० वार सूत द्या, तर सभासद. ज्याला कातणं जमत नाही किंवा कातायचं नाही, त्यानं दुसऱ्यानं कातलेलं द्यावं.

आता हे वऱ्हाडात कसं उतरलं असेल, विचार करा. हा पऱ्हाटीचा मुलूख. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्यामागे कापसाचा लोभ होताच. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग रेल्वे आली, जिनं-प्रेसा आल्या. गठाणी इथून मुंबईला, तिथून परदेशी. आणि कापड तिकडून परत. ज्याच्या वावरात बोंडं फुटतात, त्याच्याच अंगावर विलायती धोतर! चरख्याचा मुद्दा पटायला याहून योग्य मुलूख कुठला?

पण पटणं वेगळं आणि सक्ती वेगळी. वऱ्हाडचं राजकारण टिळकांच्या वळणाचं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे असहकारापासूनच गांधीजींपासून दूर गेलेले. यवतमाळचे बापूजी अणे प्रतियोगी सहकारितेकडे झुकलेले. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यालाच त्या पक्षाची परिषद भरली. या मंडळींचा सवाल सरळ होता : राजकारण करायला टकळी फिरवता आलीच पाहिजे, हे कशावरून?

आणि झालं तसंच. विकतचं सूत आणून भरती होऊ लागली. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला नियम सैल केला : वर्षाला चार आणे द्या, नाहीतर स्वतः कातलेलं २,००० वार सूत. त्याच बैठकीत अखिल भारत चरखा संघ निघाला. ज्यांना मनापासून कातायचं, ते तिकडे गेले. नियम वर्षभरही टिकला नाही, कातणं मात्र टिकलं.

पुढचा धागा आपल्या शेजारच्या वर्ध्यात सापडतो. १२ फेब्रुवारी १९४८ ला पवनारच्या धाम नदीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. त्या दिवसाला धरून विनोबांनी सूतांजली सुरू केली. माणशी एक गुंडी, स्वतः कातलेली. गुंडी म्हणजे ६४० तार; तार चार फुटांचा, म्हणजे साधारण ७८० मीटर सूत. विनोबा या गुंडीला सर्वोदयाला दिलेलं मत मानत. बघा, १९२५ मध्ये सूत दिलं तरच मत मिळायचं. इथं सूत हेच मत. कुणी दिली नाही तर नाव कमी होत नव्हतं.

१९६२ च्या युद्धातही देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. कुणाच्या अंगावर जाणार, ठाऊक नाही, तरी विणले.

मग यातला आनंद कशाचा? एकट्यानं २,००० वार कातणं कंटाळवाणं आहे. कातलेला धागा तुटतो, सांधावा लागतो, विणलेला टाका निसटला की उसवावा लागतो. पण याच वेळी दुसऱ्या गावी कुणीतरी तेच करतंय, हे माहीत असलं की हात चालतो. आपला तुकडा छोटा असतो, पण तो नसला तर तिथं भोक पडतं. माणसाला आपण लागतो आहोत, ही जाणीव फार गोड असते.

अमरावती-अकोल्यात आज कुणी असा गट काढत असाल, तर या इतिहासातून एवढं घ्या. माप एकच ठेवा, कारण त्याशिवाय तुकडे जुळत नाहीत. तारीख ठरवा, कारण त्याशिवाय काम संपत नाही. पण यायचं की नाही, हे ज्याच्या-त्याच्यावर सोडा. बेळगावचा नियम तिथंच उसवला होता.