ग्वादालुपे हे नाव कुठलं?

मेक्सिकोत मुलीचं नाव ग्वादालुपे ठेवतात आणि लाडानं तिला लुपिता म्हणतात. १५३१मध्ये तेपेयाकच्या टेकडीवर हुआन दिएगोला मेरीमातेनं दर्शन दिलं अशी श्रद्धा आहे. हे नाव त्या मातेचं. त्याचं मूळ मात्र स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या एका नदीत आहे. 'ग्वाद' म्हणजे अरबी 'वादी', नदीचं खोरं. ग्वादालकिवीर, ग्वादियाना ही नावं त्याच कुळातली. 'लुपे' लॅटिन लांडग्यावरून आलं की आणखी एका अरबी शब्दावरून, यावर एकमत नाही. एक्स्त्रेमादुरातल्या ग्वादालुपे मठातल्या काळ्या मेरीचा लौकिक एवढा, की कोलंबसानं १४९३मध्ये कॅरिबियनमधल्या एका बेटाला तिचंच नाव दिलं. मेक्सिको जिंकणारा कोर्तेसही एक्स्त्रेमादुराचाच.

१७व्या शतकात लुईस बेसेरा तांको या धर्मगुरूनं आक्षेप घेतला: मेक्सिकोतल्या स्थानिक नाहुआत्ल भाषेत ग आणि द हे ध्वनीच नाहीत, तेव्हा मूळ शब्द नाहुआत्ल असून स्पॅनिश लोकांनी तो चुकीचा ऐकला असावा. शंका रास्त आहे, पण तिनं फार तर उच्चाराची अडचण दिसते, मूळ सिद्ध होत नाही. शिवाय १५७६च्या सुमारास सहागुन हा नाहुआत्लचा जाणकार पाद्री तक्रारीच्या सुरात लिहितो, की तेपेयाकच्या मेरीला लोक 'तोनान्त्सिन', म्हणजे 'आपली आई', म्हणतात. स्थानिक नाव होतं ते हे, आणि ग्वादालुपेशी त्याचं ध्वनिसाम्य काहीच नाही. उगम परका म्हणून नाव परकं राहत नाही, हेही तितकंच खरं: स्पेनविरुद्धच्या १८१०च्या उठावात इदाल्गो या पाद्रीनं याच मातेचा झेंडा धरला, आणि मेक्सिकोच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षानं, पुरुष असूनही, स्वतःचं नाव बदलून ग्वादालुपे व्हिक्तोरिया असं घेतलं.