४२ वर्षं वाळूत पुरलेली रेसकार पुन्हा चालू कशी झाली?

३ मार्च १९२७. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पेंडाइन गाव. गावासमोर जवळपास ११ किलोमीटर लांब, सरळ आणि सपाट पुळण. ओहोटी लागली की इथली वाळू रस्त्यासारखी घट्ट होते. त्यामुळे जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम मोडायचा असेल, तर त्या काळी लोक इथं यायचे. त्या दिवशी जे. जी. पॅरी-थॉमस हा ४१ वर्षांचा इंजिनीअर आपली 'बॅब्ज' नावाची गाडी घेऊन आला होता. गाडी तुफान वेगात होती आणि अचानक उलटली. पॅरी-थॉमस गेला. वेगाच्या विक्रमाचा पाठलाग करताना जीव गमावलेला तो पहिला ड्रायव्हर मानला जातो.

त्याला इंग्लंडमध्ये बायफ्लीटला पुरलं. आणि त्याच्या गाडीलाही पुरलं. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत खड्डा करून बॅब्ज त्यात ढकलली आणि वर वाळू लोटली.

४२ वर्षांनी, १९६९ मध्ये, एका माणसाने ती उकरून बाहेर काढली. का? विकायला नाही. त्याला ती परत चालू करायची होती.

सोशल मीडियावर गोठ्यात किंवा गॅरेजमध्ये सापडलेल्या जुन्या गाड्यांचे रील तुम्ही पाहिले असतील. धूळ झटकली, पाणी मारलं, कट, आणि पुढच्या सीनमध्ये गाडी चकाचक. मधल्या त्या 'कट'मध्ये नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला बॅब्जसारखं उदाहरण नाही. कारण यापेक्षा वाईट अवस्थेतली गाडी क्वचितच कुणी हातात घेतली असेल.

ही गाडी होती तरी काय?

बॅब्ज मुळात पॅरी-थॉमसची नव्हतीच. काउंट लुई झ्बोरोव्स्की नावाचा एक प्रचंड श्रीमंत हौशी रेसर होता. पोराटोरांना माहीत असलेल्या 'चिटी चिटी बँग बँग' या गोष्टीतल्या गाडीला ज्याच्या गाडीवरून नाव मिळालं, तोच हा. विमानाचं इंजिन काढायचं आणि गाडीत बसवायचं, हा त्याचा छंद. अशाच एका गाडीत त्याने अमेरिकन 'लिबर्टी' विमानाचं व्ही-१२ इंजिन टाकलं. क्षमता २७ लिटर. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकचं इंजिन १.२ लिटरचं असतं, म्हणजे २२ हॅचबॅक एका बॉनेटखाली. गिअरबॉक्स ब्लिट्झेन बेंझ या जुन्या जर्मन रेसकारची, आणि मागच्या चाकांना ताकद जायची ती सायकलसारख्या साखळ्यांनी.

१९२४ मध्ये इटलीत मोंझाच्या शर्यतीत झ्बोरोव्स्की मरण पावला. त्याची ही गाडी पॅरी-थॉमसने १२५ पौंडांत घेतली. तो लेलँड कंपनीचा चीफ इंजिनीअर राहिलेला माणूस. त्याने गाडीत पिस्टनपासून बॉडीपर्यंत बदल केले, तिचं नाव बॅब्ज ठेवलं आणि एप्रिल १९२६ मध्ये पेंडाइनला ताशी १७१.०२ मैलांचा, म्हणजे साधारण २७५ किलोमीटरचा विक्रम केला. फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्पबेलने त्याच किनाऱ्यावर तो मोडला. तो परत मिळवायला पॅरी-थॉमस मार्चमध्ये आला होता.

थोडक्यात, बॅब्ज हाच एक रीस्टोरेशन प्रोजेक्ट होता. दुसऱ्याची पडून राहिलेली रेसकार स्वस्तात घेऊन तिच्यावर मेहनत करायची, हे पॅरी-थॉमसने आधीच करून दाखवलं होतं.

पुरलेली गाडी उकरायची का?

१९६९ मध्ये हे डोक्यात घेणारा माणूस होता ओवेन विन ओवेन (हो, नाव असंच आहे). उत्तर वेल्समधला इंजिनीअरिंगचा लेक्चरर. तोवर ती जागा ब्रिटिश संरक्षण खात्याच्या ताब्यात गेली होती, तिथं फायरिंग रेंज होती. म्हणजे सरकारी परवानगी हवी. पॅरी-थॉमसच्या नातेवाइकांची संमती हवी. आणि गावातल्या सगळ्यांनाच हा प्रकार पटलेला नव्हता.

त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. ज्या सीटवर माणूस मेला ती गाडी गावाने मातीआड केली, आणि आता कुणी तरी येऊन ती उकरणार. आपल्याकडे हे कुणी केलं असतं तर गावकीची बैठक बसली असती. तरीही उकरणं बरोबर होतं, असं मला वाटतं. आणि त्याचं कारण गाडीच्या सौंदर्यात नाही, अपघातात आहे.

पॅरी-थॉमसच्या मृत्यूबद्दल तेव्हापासून एक गोष्ट सांगितली जायची, आजही अनेक व्हिडिओंमध्ये सांगितली जाते. गाडीची साखळी तुटली, उडाली आणि तिने त्याचा गळा कापला. भयंकर आहे, म्हणून लक्षात राहते. पण नंतरच्या अभ्यासात बोट दाखवलं गेलं ते उजव्या मागच्या चाकाकडे. चाक निकामी झालं, गाडी उलटली आणि डोक्याला मार लागून तो गेला, असं आता मानलं जातं. १९२७ मध्येच गाडी वितळवून टाकली असती, तर तपासायला काहीच उरलं नसतं आणि साखळीची कथाच कायमची इतिहास झाली असती.

म्हणून जुनी रेसकार हातात घेणाऱ्याने पहिल्या दिवशी पान्याला हात लावायचा नसतो. आधी फोटो, मापं, नोंदी. कुठला बोल्ट कुठे होता, कुठला पत्रा कुठून वाकलाय, कुठल्या रंगाखाली कुठला रंग आहे. साफसफाईत यातलं बरंच पुसलं जातं आणि ते परत मिळत नाही.

खाऱ्या वाळूने काय केलं?

कोकणात ज्यांची गाडी असते त्यांना हे वेगळं सांगायला नको. खारा वारासुद्धा पत्रा खातो. इथं तर गाडी चार दशकं खाऱ्या वाळूत होती. त्यातही ॲल्युमिनिअम आणि लोखंड एकमेकांना चिकटलेले असतील आणि मध्ये खारं पाणी असेल, तर तिथं छोटी बॅटरीच तयार होते. या बॅटरीत ॲल्युमिनिअम झिजतं आणि लोखंड त्या मानाने वाचतं. रेसकारची बॉडी वजन कमी ठेवायला बहुतेकदा ॲल्युमिनिअमची असते, त्यामुळे सगळ्यात आधी बॉडी जाते. चासी, ॲक्सल, गिअर असे जाड पोलादी भाग टिकण्याची शक्यता जास्त. ओवेनला जे मिळालं ते बघून बहुतेक लोकांनी हात जोडले असते. त्याला पुढे सुमारे १५ वर्षं लागली.

गाडी वाळूत नसेल, गॅरेजमध्ये असेल, तर काम सोपं? नेहमी नाही. इंग्लंडमधल्या ब्यूली इथल्या नॅशनल मोटर म्युझियममध्ये 'सनबीम १००० एचपी' नावाची गाडी आहे. बॅब्जच्या अपघातानंतर महिनाभराच्या आत, २९ मार्च १९२७ ला, हेन्री सेग्रेव्हने अमेरिकेत डेटोना बीचवर याच गाडीत ताशी २०० मैलांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. ही गाडी कधीच पुरली गेली नाही. लोक तिकीट काढून बघत होते. पण आत, बंद इंजिनांमध्ये, गंज आपलं काम करत होता. शेवटी म्युझियमने इंजिनं उघडून दुरुस्तीचं काम हातात घेतलं. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून मेलेली असू शकते, त्यामुळे फोटो बघून जुनी रेसकार घेणं हा जुगार आहे.

एक नियम मात्र सगळीकडे लागू. बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन सुरू करून बघायचं नाही. पिस्टन सिलिंडरला चिकटलेले असू शकतात, तेलाची भोकं बुजलेली असू शकतात. किल्ली फिरवली आणि जोर लागला, तर जे वाचण्यासारखं होतं तेही तुटतं. आधी प्लग काढून आत तेल सोडतात, बारीक कॅमेरा घालून बघतात, हाताने हळूहळू फिरवतात. नाही फिरलं तर पूर्ण खोलतात.

रेसकारला आणखी एक दुखणं असतं. फॅमिली कार वीस-पंचवीस वर्षं चालावी म्हणून बनते, रेसकार ती शर्यत संपेपर्यंत टिकावी म्हणून. वजन वाचवायला भाग शक्य तितके बारीक ठेवतात. नंतरच्या काळात तर चाकं आणि गिअरबॉक्सची खोळ मॅग्नेशिअमची आली. हलकी, पण वर्षांनुवर्षं पडून राहिली की गंजणारी आणि तडे जाणारी. हे तडे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी भागावर रंगीत द्रव लावतात, तो तड्यात शिरतो, पृष्ठभाग पुसून वर पांढरी पावडर मारली की तड्याची रेघ उमटते. एकाच चाकाने पॅरी-थॉमसचं काय झालं हे वाचल्यावर, ही टेस्ट कंटाळवाणी वाटायचं कारण नाही.

सुटे भाग कुठून आणायचे?

सगळा खर्च इथंच बसतो. लिबर्टी इंजिन पहिल्या महायुद्धासाठी १९१७ मध्ये घाईघाईत डिझाइन झालं आणि २० हजारांहून जास्त नग बनले. दुसऱ्या महायुद्धात त्याची आवृत्ती ब्रिटिश रणगाड्यांतही होती. म्हणजे बॅब्ज विचित्र असली तरी तिचं हृदय दुर्मीळ नव्हतं. माहिती, चित्रं, भाग शोधले तर मिळण्यासारखे होते. सनबीमची दोन 'माटाबेले' विमान-इंजिनं मात्र फारच थोडी बनली. तिथं बाजारात जाऊन काही मिळत नाही, एकेक भाग दुरुस्त करायचा किंवा नव्याने घडवायचा. त्यामुळे प्रोजेक्ट घेण्याआधी विचारायचा प्रश्न 'गाडी किती सडली आहे?' हा नाही. 'हिचं इंजिन अजून कशात वापरलं होतं?' हा आहे.

पण मग ती तीच गाडी राहते का?

इथं लोक खरंखुरं भांडतात, कोर्टात जातात. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल मॉन्सची २४ तासांची शर्यत जिंकली. पुढे तिचं इंजिन बदललं, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर अपघात झाला, त्यात ड्रायव्हर गेला, नंतर तिच्यावर बंद टपाची बॉडी चढली. १९९० मध्ये ती १ कोटी पौंडांना विकायचा सौदा झाला आणि खरेदीदार मागे फिरला. मूळ गाडीतलं फारसं काही उरलंच नाही, मग ही ती गाडी कशी, असा त्याचा मुद्दा. लंडनच्या कोर्टाने निकाल दिला की हीच ओल्ड नंबर वन आहे. भाग बदलत गेले, पण गाडीचा इतिहास मध्ये कुठेच तुटला नाही, ती एकच गाडी म्हणून सलग जगत राहिली.

या निकालाने बऱ्याच मालकांना हायसं वाटलं असणार. पण याचा अर्थ सगळं बदलून टाका असा नाही, आणि याचं उलट उदाहरण अमेरिकेत फिलाडेल्फियाला आहे. १९६४ ची शेल्बी कोब्रा डेटोना कूप, नंबर सीएसएक्स २२८७. बनलेल्या सहांपैकी पहिली. संगीत निर्माता फिल स्पेक्टर याच्याकडूनही ती गेली, मग कॅलिफोर्नियात साधारण ३० वर्षं बंद पडून राहिली आणि २००१ मध्ये पुन्हा समोर आली. ती डॉ. फ्रेडरिक सिमिओन या न्यूरोसर्जनच्या संग्रहात गेली. त्यांनी काय केलं? शक्य तितकं काहीच नाही. ती चालेल इतपत काम करून घेतलं आणि जुना रंग, ओरखडे तसेच ठेवले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदणीत पहिला मान याच गाडीला मिळाला.

मला सिमिओन यांचा मार्ग जास्त आवडतो. पण तो ओवेनला उपलब्धच नव्हता. डेटोनाचा रंग शाबूत होता, बॅब्जला रंग लावायला पत्राच उरला नव्हता. मूळ काही शिल्लक असेल तर ते जपायचं, नसेल तर पुन्हा बनवायचं आणि नवीन काय आहे ते लपवायचं नाही, एवढं तारतम्य पुरेसं आहे.

आणि शर्यतीत उतरवायची असेल तर?

मग कागदपत्रं. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक शर्यतींसाठी एफआयए ही संस्था 'हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट' देते. गाडी तिच्या काळातल्या तांत्रिक नियमांप्रमाणे आहे, एवढंच तो सांगतो. ती अस्सल आहे की नाही, याची हमी देत नाही, त्यामुळे विक्रेता हा पासपोर्ट दाखवून 'ओरिजिनल' म्हणत असेल तर सावध. शिवाय सीटबेल्ट, पेट्रोलची सुरक्षा-टाकी यांना एक्सपायरी डेट असते. गाडी शंभर वर्षांची चालते, पट्टा पाच वर्षांत बदलावा लागतो.

बॅब्ज आता शर्यतीत उतरत नाही, पण चालते. वर्षातला काही काळ ती पेंडाइनच्या म्युझियममध्ये असते, जिथं पुरली होती त्याच किनाऱ्याला लागून. काही काळ ब्रुकलँड्सला, जिथं पॅरी-थॉमस राहायचा आणि काम करायचा. ओवेन विन ओवेन २०१२ मध्ये गेला. आणि सनबीमला तिच्या विक्रमाच्या शंभराव्या वर्षी, मार्च २०२७ मध्ये, पुन्हा डेटोना बीचवर न्यायचं ब्यूलीच्या लोकांनी ठरवलं आहे.