आधीं शब्द, मग अक्षर: धानोरा भागांतील आरंभवाचन

मोडी दफ्तरें हाताळणाऱ्या वाचकांस हें सांगणें नलगे कीं, अक्षरें ओळखूं येणें आणि कागद वाचतां येणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळीत नाहींत. 'मोकासा', 'दुमाला', 'कौल' हे शब्द ज्याच्या कानावरून पूर्वीं गेले आहेत, तोच सलग ओळींतून ते निवडून काढतो. इतरांस अक्षरें लागतात, अर्थ लागत नाहीं. नव्यानें वाचूं लागलेल्या मुलाची स्थिति अशीच असते.

पंतोजींच्या शाळेंत मूल धूळपाटीवर प्रथम 'ॐ नमः सिद्धम्' गिरवी. त्याचें 'ओनामासीधं' झालें आणि 'ओनामा' हा आरंभवाचक शब्द मराठींत रूढ झाला. अर्थावांचून केलेल्या पाठाचा हा भाषेंत राहिलेला पुरावाच होय. पुढें सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें 'बाळमित्र' 1828 त निघालें. त्यांत गोष्टी होत्या, म्हणजे वाचनाबरोबर समजही अपेक्षित होती. परंतु त्याच्या बालवाचकांच्या कानांत मराठी आधींच होती.

धानोऱ्याच्या बाजूस हा आधार सर्व मुलांस नाहीं. हा प्रदेश पूर्वीं चांदा जिल्ह्यांत मोडे. 26 ऑगस्ट 1982 रोजीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला. येथील अनेक घरांत गोंडी बोलतात. ही भाषा द्राविड कुळांतील असून 2011 च्या जनगणनेंत ती बोलणारे भारतांत सुमारे 30 लक्ष होते. गोंडींत घराला 'रोन' किंवा 'लोन', पाण्याला 'एर', गांवाला 'नार' म्हणतात. पुस्तकांतील 'घर' हीं दोन अक्षरें मूल बिनचूक म्हणेल, पण त्याच्या डोळ्यांपुढें घर उभें राहीलच असें नाहीं. उलट 'नार' वाचतांना मराठी वाचकास स्त्री आठवेल, गोंडी मुलास आपला गांव. म्हणून आमच्या मतें क्रम असा असावा: प्रथम मुलाच्या तोंडचा शब्द, मग त्याचें अक्षर, त्याच्या शेजारीं मराठी शब्द, आणि शेवटीं मराठी वाक्य.

अशा शब्दांचीं टिपणें नवीं नाहींत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 त बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं 1866 त छापले. त्यांत गोंडी शब्द आणि लिंगोचें गीत आहे. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या चवथ्या खंडांत (1906) गोंडीचे नमुने आहेत. हीं संकलनें विद्वानांकरितां झालीं. मुलांकरितां गोंडींतून शिकविणारी शाळा धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें 2019 त सुरू केली.

हस्तलिखितसंग्राहकांचा यांत संबंध काय, असें कोणी विचारील. आदिलाबादकडील गुंजाला गांवीं गोंडीच्या स्वतंत्र लिपींतील हस्तलिखितें एकविसाव्या शतकांत अभ्यासकांच्या दृष्टीस पडलीं. ती लिपि जाणणारे थोडे वृद्ध तेथें उरले होते, म्हणून तीं वाचतां आलीं. ते गेल्यावर तीं सांपडतीं, तर पानें हातीं येऊनही मजकूर मुका राहता. आजचीं बालकें हेच उद्यांचे वाचक होत. यासाठीं आमची विनंती अशी कीं, शिक्षकांनीं हातानें केलेल्या गोंडी-मराठी शब्दांच्या वह्या, तक्ते आणि मुलांचीं पहिलीं पुस्तकें रद्दींत जाऊं देऊं नयेत. संग्रहांत घेतांना प्रत्येकावर गांव व साल अवश्य नोंदावें. कारण एके ठिकाणीं 'रोन' तर दुसरीकडे 'लोन' म्हणतात, आणि हा भेद गांवाच्या नोंदीवांचून पुढें कोणास उमगणार नाहीं.