साखरेचा साज आणि दवाचे पाणी

बेळगावहून खानापूरकडे जाताना उद्यमबाग लागते. तेथील फौंड्र्यांतील कामगारांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साच्याच्या वाळूत ओल अधिक राहिली, तर तप्त रस पडताच तिची वाफ होते आणि ओतीव वस्तूत छिद्रे पडतात. अग्नीच्या त्या कामातही खरा शत्रू पाणीच होय. याच वस्तीतील आमच्या एका आप्तांच्या घरी काही वर्षांपूर्वी हाच शत्रू निराळ्या रूपाने आला. त्या प्रसंगाने आमचे लक्ष साखरेच्या इतिहासाकडे वळले.

घरातील आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन श्रावणात होते. देवकार्य, होम व नैवेद्य यथासांग झाल्यावर सायंकाळी मुलांच्या हौसेखातर एक केक ठेवावा, असे ठरले. नातीने नुकताच घरबसल्या केक करून विकण्याचा व्यवसाय आरंभिला होता. तिने अंडे न घालता दोन मजली केक केला. त्यावर साखरेच्या लगद्याचे, म्हणजे ज्यास फाँडंट म्हणतात त्याचे, शुभ्र आवरण चढविले आणि वर निळा मोर बसविला. हे काम आठ दिवस आधी करून तिने तो शीतपेटीत गोठवून ठेवला. समारंभाच्या दिवशी दुपारी केक बाहेर काढून उघड्या तबकात मांडला. बाहेर झड लागली होती, घरात माणसे दाटली होती. तासाभरात आवरणावर घामासारखे थेंब फुटले, पृष्ठभाग चिकट झाला आणि मोराचा निळा रंग ओघळत खालच्या मजल्यावर आला. मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. पाहुण्यांपैकी दोघींनी तिच्याकडे पुढील महिन्याचे काम सोपविले होते. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु ते मौनच तिला अधिक लागले.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली आजी कोंकणीत एवढेच म्हणाली, ‘पावसांत हलव्याचो डबो कोण उगडटा गो?’

आम्हांस हे वाक्य मोठे अर्थपूर्ण वाटले. नातीची कला नवी आणि आजीची जुनी, असे आपण समजतो. वस्तुतः दोघींची विद्या एकच आहे, आणि ती या भूमीतील आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे प्रकार सांगितले आहेत. आपल्या ‘शर्करा’ शब्दापासून फारसी ‘शकर’ व अरबी ‘सुक्कर’ या मार्गाने इंग्रजांचा ‘शुगर’ झाला, आणि ‘खंड’ शब्दापासून त्यांचा ‘कँडी’. साखर पश्चिमेकडे गेली ती आपले नाव घेऊनच गेली. आज ती तेथून केकच्या आवरणाच्या रूपाने परत आली, एवढेच.

आपल्याकडे साखरेचा साज मुख्यतः सणांचा. गुढीपाडव्यास साखरेच्या गाठी, कर्नाटकात संक्रांतीस लाकडी साच्यांत ओतलेले ‘सक्करे अच्चू’, आणि महाराष्ट्रात नववधूच्या पहिल्या संक्रांतीस काळ्या साडीवर शोभणारे हलव्याचे दागिने. बोरन्हाणात लहान बाळासही तोच साज चढतो. हलवा करणे हे धीराचे काम आहे. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन ती मंद निखाऱ्यावर ठेवावयाची, थोडाथोडा पाक घालावयाचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवीत राहावयाचे. एकेका थराने दाणा फुगतो व त्यावर काटा येतो. पौषातील पहाटेच्या थंडीत हा काटा उत्तम फुलतो. हवा दमट असली की दाणे एकमेकांस चिकटतात आणि दिवसांचे श्रम व्यर्थ जातात. म्हणून तयार हलवा घट्ट झाकणाच्या डब्यात राही, आणि तो डबा अवेळी उघडण्याची मुलांस सक्त मनाई असे.

पूर्वी हा साज सर्व घरांस परवडणारा नव्हता. १९३२ च्या संरक्षक कायद्याने देशी साखरधंद्यास आधार मिळाला. बेळगाव जिल्ह्यातच उगार खुर्द येथे १९३९ मध्ये साखर कारखाना उभा राहिला. पांढरी दाणेदार साखर अशा रीतीने हळूहळू सामान्य घरातील वस्तू झाली.

केक आपल्याकडे आला तो युरोपीयांच्या भट्टीबरोबर. गोमंतकात १५१० मध्ये पोर्तुगीज आले. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे येथे त्यांची छावणी वसली. पाव, बिस्किटे व केक या गोष्टी अशा वस्त्यांतून आसपासच्या लोकांच्या परिचयाच्या झाल्या. ‘फाँडंट’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थच मुळी ‘वितळणारा’ असा आहे. गोळीबंद पाक निववून घोटला म्हणजे साखरेचे अतिसूक्ष्म कण होऊन मऊ, पांढरा गोळा बनतो. हा मूळ फाँडंट. लाटून केकवर पसरावयाचा प्रकार निराळा. त्यात पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि गोळा बांधून ठेवणारा एखादा चिकट पदार्थ असतो. नाव कोणतेही असो, अंगी साखरच आहे. आणि साखरेचा स्वभाव पाणी ओढण्याचा. हवेतील आर्द्रता शेकडा ८५ च्या सुमारास गेली की निव्वळ साखरही ओल धरून विरघळू लागते. ग्लुकोज मिसळलेली साखर त्याहूनही आधी.

आता थंडीकडे वळू. अकबराच्या पाकशाळेत सोऱ्याने पाणी थंड करीत आणि हिमालयातून बर्फ आणवीत, असे आईन-इ-अकबरीत नमूद आहे. १८३३ च्या मे महिन्यात फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाजात सुमारे १८० टन बर्फ भरून कलकत्त्यास पाठविला. चार महिन्यांच्या उष्ण प्रवासानंतरही त्यातील सुमारे १०० टन शाबूत उतरला. याचे एक रहस्य असे: बर्फ भरताना बाहेरची हवा आत शिरू नये, याची कडेकोट व्यवस्था केलेली होती. पुढे यंत्रे आली. १९१२ नंतरच्या काही वर्षांत लाब्राडोरच्या कडाक्यात क्लॅरेन्स बर्ड्‌सआय याने पाहिले की, झटपट गोठलेल्या पदार्थात बर्फाचे कण बारीक राहतात आणि पदार्थाची घडण मोडत नाही. गोठविलेल्या अन्नाचा आधुनिक व्यापार या निरीक्षणावर उभा आहे. भारतात गोदरेजने १९५८ मध्ये शीतकपाट बनविले आणि शीतविद्या क्रमाने आपल्या स्वयंपाकघरात आली.

मग दोष थंडीचा होता काय? नव्हे. उणे १८ अंशांवर केक उत्तम टिकतो. उलट साध्या शीतकपाटातील चार-पाच अंशांवर त्यातील पिठाचा अंश लवकर घट्ट होतो व केक शिळा लागतो. अपाय होतो तो बाहेर काढण्याच्या घटकेस. श्रावणात हवा २४ अंश आणि आर्द्रता शेकडा ९० असेल, तर सुमारे २२ अंशांहून थंड अशा प्रत्येक वस्तूवर दव जमते. पहाटे तुळशीच्या पानावर जमणारे दव तेच हे. पानाचे त्याने काही बिघडत नाही. साखर मात्र त्यात विरघळते आणि रंग तिच्याबरोबर वाहतो.

यावरून करावयाचे ते स्पष्टच आहे. आवरण चढविल्यावर केक प्रथम उघडाच थंड करून घट्ट करावा. मग प्लॅस्टिकच्या दोन पदरांत नीट गुंडाळून, हवाबंद डब्यात घालून गोठवावा. नाजूक फुले, चित्रे, चंदेरी गोळ्या आणि गडद रंगाची कामे गोठवू नयेत. ती कोरड्या जागी वेगळी ठेवून शेवटी लावावी. बाहेर काढताना डबा न उघडता एक दिवस शीतकपाटात ठेवावा, नंतर कित्येक तास खोलीत, तरीही बंदच. दव जमेल ते डब्याच्या बाहेरील अंगावर जमेल. केक खोलीइतका उबदार झाल्यावरच झाकण काढावे. तरीही थोडे थेंब दिसले तर हात लावू नये, पुसू नये. पंख्याच्या वाऱ्यात ते सुकतात. ताजी फळे किंवा कस्टर्ड भरलेला केक मात्र गोठवू नये, कारण वितळताना त्यास पाणी सुटते.

आमच्या वाचकांसाठी आणखी एक सूचना. बाजारातील काही फाँडंटात जिलेटिन असते, आणि ते जनावरांच्या हाडांपासून वा कातड्यापासून काढतात. वनस्पतिजन्य डिंक घातलेले फाँडंटही मिळते. डबीवरील हिरवी खूण व घटकांची यादी पाहिल्यावाचून असा पदार्थ घरच्या मंगलकार्यात आणू नये. आणि देवापुढील नैवेद्याची जागा पंचखाद्याची आहे, ती त्याचीच राहावी.

त्या श्रावणानंतर नातीने काम सोडले नाही. पौषात ती आजीजवळ बसून हलवा शिकली. बोटे भाजली, तरी काटा आला. पुढल्या पावसाळ्यात एका बारशासाठी तिने पुन्हा केक गोठविला. आदल्या दिवशी डबा शीतकपाटात आला, सकाळी माजघरात. मुले भोवती घोटाळू लागली, तेव्हा आजी डब्याशेजारी पाट मांडून बसली आणि सायंकाळपर्यंत तिने कोणास झाकणास हात लावू दिला नाही. सायंकाळी झाकण निघाले. आवरण कोरडे होते. मागून बसविलेल्या पिवळ्या शेवंतीचा रंग जागचा हलला नव्हता.