कागदी प्रतिकृतींचे आरेखन : छंद आणि व्यवसाय

कागदी प्रतिकृतींचे आरेखन म्हणजे इमारत, जहाज, विमान, वाहन किंवा प्राणी अशा त्रिमितीय वस्तूचे सपाट कागदावर छापता, कापता, दुमडता आणि चिकटवता येतील असे सुटे भाग तयार करणे होय. ओरिगामीत साधारणतः एकच कागद न कापता दुमडला जातो. कागदी प्रतिकृतीत मात्र कात्री आणि डिंक यांचा वापर गृहीत असतो. हे काम छंद म्हणूनही केले जाते आणि उपजीविकेचे साधन म्हणूनही. दोन्ही प्रकारांत भूमिती व साहित्य सारखेच असते. विषयाची निवड, चाचणी, वापरणाऱ्याविषयीची जबाबदारी आणि हक्क यांबाबत ते वेगळे ठरतात. वाचकाला छापील ताव विनामूल्य मिळणे आणि रचनाकाराने तो मोबदल्याविना तयार केलेला असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

इतिहास

घनाकृती उलगडून सपाट पृष्ठभागावर काढलेल्या आकृतीला शालेय गणितात 'घडण' म्हणतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यांच्या १५२५ साली प्रसिद्ध झालेल्या भूमितीविषयक ग्रंथात अनेक घनाकृतींच्या घडणी दिलेल्या आहेत.

छपाई स्वस्त झाल्यावर कापून जोडण्याचे ताव ही विक्रीची वस्तू बनली. फ्रान्समधील एपिनाल येथे १७९६ मध्ये स्थापन झालेल्या पेलेरँ यांच्या छापखान्याने आणि जर्मनीतील एस्लिंगेन येथे १८३१ मध्ये सुरू झालेल्या जे. एफ. श्रायबर या प्रकाशनसंस्थेने असे ताव मोठ्या प्रमाणावर विकले. इंग्लंडमध्ये जेफ्री हायवे यांनी १९४१ मध्ये 'मायक्रोमॉडेल्स' ही मालिका सुरू केली. तिच्यातील भाग पोस्टकार्डाएवढ्या लहान कार्डांवर छापलेले असत. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईच्या काळात अल्प साहित्यात होणारा हा छंद लोकप्रिय ठरला.

पोलंडमध्ये १९५७ पासून 'मावी मोदेलाश' हे कागदी प्रतिकृतींना वाहिलेले नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात सुरू झालेल्या 'एबीसी' या मुलांच्या नियतकालिकानेही कागदी प्रतिकृतींची परंपरा रुजवली. वास्तुविशारद रिचर्ड व्हिश्कोव्स्की यांनी केलेल्या किल्ल्यांच्या व ऐतिहासिक वास्तूंच्या प्रतिकृती या परंपरेतील प्रसिद्ध उदाहरणे आहेत.

घरगुती छपाईयंत्र आणि महाजाल यांच्या प्रसारानंतर छापखान्याची गरज उरली नाही. एका व्यक्तीने तयार केलेला ताव जगभर पोहोचू लागला आणि छांदिष्ट व व्यावसायिक रचनाकार यांच्यातील सीमारेषा पुसट झाली.

आरेखनाची प्रक्रिया

प्रथम मूळ वस्तूचे आराखडे, मापे व छायाचित्रे जमवून प्रमाण ठरवले जाते. जर्मन परंपरेत जहाजांसाठी १:२५०, तर पोलिश व चेक परंपरेत विमानांसाठी १:३३ हे प्रमाण रूढ आहे. त्यानंतर वस्तूचा आकार उलगडण्याजोग्या पृष्ठांत विभागला जातो. वृत्तचिती आणि शंकू यांची वक्रपृष्ठे न ताणता सपाट करता येतात. गोलाचे पृष्ठ तसे करता येत नाही, हे कार्ल फ्रीडरिश गाउस यांच्या १८२७ मधील सिद्धान्तावरून निष्पन्न होते. म्हणून घुमट किंवा विमानाचे नाक संत्र्याच्या सालीच्या फाकांप्रमाणे अरुंद पट्ट्यांत किंवा एकावर एक बसणाऱ्या शंकुखंडांत विभागावे लागते.

घडण काढण्याचे काम आता संगणकाद्वारे करता येते. जपानमधील 'पेपाकुरा डिझायनर' ही त्यासाठीची परिचित संगणकप्रणाली आहे. 'ब्लेंडर' या मुक्त संगणकप्रणालीसाठीही असे जोडसाधन उपलब्ध आहे. मात्र शिवण कोठे असावी, कोणता भाग आधी जोडावा आणि चिकटवण्याच्या पट्ट्या कोणत्या बाजूला द्याव्यात हे रचनाकारालाच ठरवावे लागते. कोणत्याही बहिर्वक्र बहुपृष्ठीय घनाकृतीच्या कडा कापून तिची एकसंध व स्वतःवर न चढणारी घडण नेहमीच मिळते का, हा जेफ्री शेफर्ड यांनी १९७५ मध्ये मांडलेला प्रश्न गणितात अद्याप अनिर्णित आहे.

कागदाची जाडीही हिशेबात घ्यावी लागते. या कामासाठी सामान्यतः दर चौरस मीटरला १६० ते २०० ग्रॅम वजनाचा कागद वापरतात. ०.२ मिलिमीटर जाडीच्या कागदाच्या नळीवर त्याच कागदाचा दुसरा थर बसवायचा असल्यास बाहेरच्या थराची लांबी सुमारे १.२५ मिलिमीटर अधिक ठेवावी लागते. असा फरक दुर्लक्षित राहिला तर पडद्यावर अचूक दिसणारे भाग प्रत्यक्षात जुळत नाहीत. त्यामुळे छापून, कापून व जोडून पाहणे हाच आरेखनाच्या अचूकतेचा अंतिम निकष मानला जातो.

छंद म्हणून आरेखन

छांदिष्ट रचनाकाराला विषयाच्या खपाचा विचार करावा लागत नाही. बाजारात मागणी नसलेले एखादे स्थानिक रेल्वे इंजिन, गावातले देऊळ किंवा पाडली गेलेली इमारत हेही त्याचे विषय होऊ शकतात. कामाच्या तासांची किंमत काढली जात नसल्याने एका प्रतिकृतीवर अनेक महिने खर्च करणे शक्य होते. ताव विनामूल्य वाटल्यास जुळणी करणारे चुका कळवतात, रंग बदलून नव्या आवृत्त्या करतात आणि त्यातून मूळ रचना सुधारत जाते. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दीर्घकाळ काम केलेले अरविंद गुप्ता यांनी कागद व टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या कृती संकेतस्थळावरून विनामूल्य खुल्या केल्या. मोफत वाटपाच्या याच वृत्तीचे ते महाराष्ट्रातील उदाहरण होय.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. सूचना अपुऱ्या असणे, चाचणी केवळ रचनाकारानेच केलेली असणे आणि काम अर्धवट सोडले जाणे हे प्रकार आढळतात. संकेतस्थळ बंद पडल्यास संपूर्ण संग्रह नाहीसा होण्याचा धोका असतो.

व्यवसाय म्हणून आरेखन

मूल्य घेतल्यावर प्रतिकृती जुळली पाहिजे, ही अपेक्षा ग्राहकाचा हक्क बनते. व्यावसायिक रचनाकाराला म्हणूनच इतरांकडून चाचणी-जुळणी करून घ्यावी लागते, काठिण्यपातळी नमूद करावी लागते आणि चित्रमय सूचना तयार कराव्या लागतात. छापील प्रकाशनात प्रत्येक वाढीव पानाचा खर्च वाढतो. त्यामुळे भाग पानावर दाटीने बसवणे हेही कौशल्य ठरते. फाइलच्या रूपाने होणाऱ्या विक्रीत छपाई ग्राहकाच्या यंत्रावर होते. भारतात व युरोपात ए-४ (२१० × २९७ मिलिमीटर), तर अमेरिकेत लेटर (सुमारे २१६ × २७९ मिलिमीटर) हा कागद प्रचलित असल्याने दोन्हींवर मावतील अशा चौकटीत भाग मांडावे लागतात. 'पानाला जुळवून छापा' हा पर्याय निवडला गेल्यास प्रमाण बदलते. हे लक्षात यावे म्हणून पानावर मोजपट्टी छापण्याची पद्धत आहे.

उत्पन्नातील मुख्य अडचण प्रत काढण्याच्या सुलभतेत आहे. प्लॅस्टिकचा संच एकदाच जोडता येतो. कागदी प्रतिकृतीची फाइल मात्र कितीही वेळा छापता व पाठवता येते. त्यामुळे काही रचनाकार फाइल न विकता छापील व आधीच कापलेले संच विकतात. काही जण पुस्तके, कार्यशाळा किंवा संस्थांची मागणीनुसार कामे यांतून उत्पन्न मिळवतात.

विनामूल्य, पण छंद नव्हे

अनेक विनामूल्य प्रतिकृतींमागे संस्थेचा पैसा असतो. कॅनन ही छपाईयंत्रे तयार करणारी जपानी कंपनी आपल्या संकेतस्थळावर कागदी प्रतिकृती विनामूल्य देते. त्या छापताना शाई व कागद यांचा खप होतो. अमेरिकेची नासा ही संस्था शिक्षण व प्रसारासाठी अंतराळयानांच्या प्रतिकृती उपलब्ध करून देते. यामाहा मोटर कंपनीच्या मोटारसायकलींच्या अतिशय तपशीलवार प्रतिकृतीही अनेक वर्षे विनामूल्य मिळत. २०१८ मध्ये कंपनीने तो विभाग बंद केला. अशा कामांत रचनाकाराला मोबदला मिळू शकतो. मात्र ताव उपलब्ध ठेवायचा की नाही, हे संस्था ठरवते.

हक्क आणि परवाने

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार रेखाचित्र, आकृती व आराखडा यांचा 'कलाकृती'त समावेश होतो. हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलाकृतीवरील हक्क सामान्यतः कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कधारक, वेगळा करार नसल्यास, मालक असतो. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारत एवढाच मानला जातो. छंदातून केलेली रचना प्रथमच प्रकाशकाला देणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने या तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

मोबदला न घेतल्याने दुसऱ्याच्या हक्कांचा प्रश्न आपोआप मिटत नाही. चित्रपटातील पात्र, कंपनीचे बोधचिन्ह किंवा दुसऱ्याने काढलेले छायाचित्र वापरताना ताव विनामूल्य असला तरी परवानगीची गरज भासू शकते. उदाहरणार्थ, १८व्या शतकातील शनिवारवाड्याच्या वास्तुरचनेवर आज कॉपीराइट नाही. परंतु भिंतींच्या पोतासाठी वापरलेल्या आधुनिक छायाचित्रावर तो असू शकतो.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांच्या साहाय्याने रचनाकाराला वाटपाच्या अटी स्पष्ट करता येतात. 'अव्यावसायिक' अट असलेल्या परवान्यात ताव वाटता येतो. प्रामुख्याने आर्थिक लाभासाठी त्याचा वापर करता येत नाही. कोणताही परवाना न लिहिता महाजालावर ठेवलेला ताव मात्र हक्कमुक्त ठरत नाही. ओरिगामीच्या क्षेत्रात २०११ मध्ये रॉबर्ट लँग यांच्यासह काही कलावंतांनी घड्यांच्या आकृत्या अनुमतीविना चित्रांत वापरल्याबद्दल चित्रकार सेरा मॉरिस यांच्याविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला होता. २०१३ मध्ये तो तडजोडीने मिटला.

परस्परसंबंध

छंद आणि व्यवसाय ही येथे एकमेकांना छेद देणारी क्षेत्रे आहेत. अनेक रचनाकार सोप्या प्रतिकृती विनामूल्य देतात व गुंतागुंतीच्या विकतात. विनामूल्य ताव त्यांच्या कामाचा नमुना ठरतो आणि जुळणी करणाऱ्यांची नवी पिढीही घडवतो. उलट, विक्रीतून आलेल्या अचूकतेच्या अपेक्षेमुळे छांदिष्टांच्या कामाचाही दर्जा उंचावतो. एखादी रचना कोणत्या हेतूने झाली यापेक्षा तिच्यावरील हक्क कोणाकडे आहे, अटी स्पष्ट लिहिल्या आहेत का आणि तिच्या प्रती किती ठिकाणी जतन झाल्या आहेत, यांवर ती पुढील काळात वापरात राहणे अवलंबून असते.