नवजात फुप्फुस सोनोग्राफी

नवजात फुप्फुस सोनोग्राफी ही नवजात बालकाच्या फुप्फुसांची स्थिती श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने खाटेजवळच तपासण्याची निदानपद्धती आहे. गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची प्रकृती श्वसनविकारामुळे अचानक खालावल्यास कारण शोधण्यासाठी ती विशेष उपयुक्त ठरते. तीत क्ष-किरणांचा वापर होत नाही. बाळाला इन्क्यूबेटरमधून बाहेर न काढता ती वारंवार करता येते.

कार्यतत्त्व

हवेमुळे ध्वनिलहरी परावर्तित होतात. त्यामुळे निरोगी फुप्फुसाचा अंतर्भाग दिसत नाही. निदान मुख्यतः पडद्यावरील आभासी रेषांवरून केले जाते. फुप्फुसावरणाला समांतर, समान अंतरावरील आडव्या रेषांना ‘ए-रेषा’ म्हणतात. आवरणापासून खाली जाणाऱ्या उभ्या, तेजस्वी ‘बी-रेषा’ फुप्फुसात द्रव वाढल्याचे किंवा हवा कमी झाल्याचे सुचवतात. श्वासोच्छ्वासाबरोबर आवरणाचे दोन थर एकमेकांवर सरकताना दिसतात.

प्रमुख निदाने

श्वसनत्रास संलक्षण: सर्फॅक्टंट या द्रव्याच्या अभावी वायुकोश मिटतात. दोन्ही फुप्फुसे एकसारखी पांढरी आणि आवरणाची रेषा जाड व अनियमित दिसते. उपचारासाठी सर्फॅक्टंट श्वासनलिकेत सोडतात.

वातवक्ष: फुप्फुसाबाहेर निसटलेली हवा छातीच्या पोकळीत साचते. त्या जागी थरांचे सरकणे व बी-रेषा दिसत नाहीत. सरकणारा व न सरकणारा भाग जिथे मिळतो, तो ‘फुप्फुसबिंदू’ दिसल्यास निदान पक्के होते. दाब वाढल्यास सुई किंवा नळीने हवा तातडीने काढावी लागते.

या दोन्ही विकारांत बाह्य लक्षणे सारखी असू शकतात, उपचार मात्र पूर्णतः भिन्न असतात. म्हणून अचूक व जलद निदान निर्णायक ठरते.

इतिहास

फ्रेंच अतिदक्षतातज्ज्ञ डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी प्रौढ रुग्णांसाठी या तंत्राचा पाया घातला; त्यांची ‘ब्लू’ कार्यपद्धती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. इटलीतील रोबेर्तो कोपेत्ती व लुइजी कात्तारोस्सी यांनी २००७ मध्ये नवजात बालकांच्या तात्पुरत्या जलद श्वसनाचे सोनोग्राफीतील लक्षण वर्णिले. २०२० मध्ये बाल व नवजात अतिदक्षतेच्या युरोपीय संस्थेने आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

मर्यादा

निष्कर्ष तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो. छातीच्या भिंतीपर्यंत न पोहोचलेला खोलवरचा दोष दिसत नाही. फुप्फुसाचा भाग मिटल्यास किंवा श्वासनळी एकाच बाजूला गेल्यासही थर सरकत नाहीत. म्हणून केवळ या एका चिन्हावरून वातवक्षाचे निदान करत नाहीत. बाळाचा जीव धोक्यात असल्यास चित्रणासाठी उपचार थांबवले जात नाहीत.