मेंढ्या, मुतखडा आणि एक हट्टी जिवाणू

गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता मला कळलं की मुतखडा म्हणजे काय. ज्यांना झालाय त्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांनी पाणी पीत राहावं. सोनोग्राफीत पाच मिलिमीटरचा खडा निघाला. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम ऑक्झलेटचा असणार, बहुतेकांचा तोच असतो. पालक कमी करा. आईने फोनवरून कुळथाचं कढण सुचवलं आणि अळू बंद केलं. अळूने घशाला खाज सुटते ती ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळेच, म्हणजे आईचं अगदीच चूक नव्हतं.

पण माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न. त्याच डब्यातली पालकाची भाजी माझा रूममेटही खातो, मग त्याला का नाही? डीबगिंगची सवय, दुसरं काय! शनिवारी शोधायला बसलो आणि थेट पोचलो अमेरिकेतल्या मेंढ्यांपाशी.

झालं असं, की १९३४ साली नेवाडातल्या वेल्स गावाजवळ हॅलोजीटन नावाचं परकं तण आढळलं. मूळचं मध्य आशियाकडचं. खारट, उजाड जमिनीवर ते फोफावत गेलं आणि चाळीसच्या दशकात मेंढपाळांच्या लक्षात आलं की उपाशी कळप त्यात शिरला तर मेंढ्या पटापट मरतात. तणात ऑक्झलेट ठासून भरलेलं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडतं, मेंढी थरथरते, कोसळते, आणि मूत्रपिंडात स्फटिक साचतात.

गंमत पुढे आहे. ज्या मेंढ्यांना ऑक्झलेट थोडं थोडं वाढवत दिलं, त्या नंतर एरवी जीवघेणी ठरणारी मात्राही पचवत. बदल मेंढीत नव्हता, तिच्या पोटातल्या जिवाणूंमध्ये होता. आयोवा राज्यातल्या एम्स इथे मिल्टन ॲलिसन आणि त्यांचे सहकारी याच्या मागे लागले. १९८० मध्ये त्यांनी असा जिवाणू वेगळा काढल्याचं जाहीर केलं आणि १९८५ मध्ये त्याचं बारसं झालं : ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजिनीस. याला ऑक्सिजन चालत नाही आणि पोट भरायला ऑक्झलेटच लागतं, साखरबिखर काही नको. त्याच निबंधात हेही होतं की तो माणसाच्या मोठ्या आतड्यातही राहतो. मेंढीच्या विषबाधेतून सुरू झालेला शोध आपल्या मुतखड्यापर्यंत आला तो असा.

मग हिशोब सुरू झाले. २००८ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात वारंवार खडे होणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांमध्ये हा जिवाणू सापडला, खडे नसलेल्यांपैकी ३८ टक्क्यांमध्ये. त्याआधी १९९८ मध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांमध्ये, ज्यांना सतत अँटिबायोटिक्स घ्यावी लागतात, तो बहुतेक दिसलाच नव्हता, आणि ज्यांच्यात नव्हता त्यांच्या लघवीत ऑक्झलेट जास्त सापडत होतं.

मला वाटलं, सापडला बग! कॅप्सूलमध्ये भरा की हा जिवाणू. तेही करून झालंय. ज्यांचं यकृतच जन्मजात दोषामुळे जास्त ऑक्झलेट बनवतं, अशा रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला, आणि लघवीतल्या ऑक्झलेटमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. शिवाय ३८ टक्के म्हणजे उरलेल्या ६२ टक्क्यांना तो नसूनही खडे नव्हते, हे मी पहिल्यांदा वाचताना सोयीस्करपणे विसरलो होतो. निवडुंग खाऊन मजेत राहणारे जंगली उंदीर आहेत, त्यांच्या आतड्यातली अख्खी वस्ती प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिली तेव्हा कुठे फायदा काही महिने टिकला. एकटा जिवाणू फार टिकत नाही, त्याला शेजारपाजार लागतो.

तेवढ्यात २०१८ चाच एक ब्रिटिश अभ्यास दिसला. अँटिबायोटिक्सच्या पाच प्रकारांचा मुतखड्याशी संबंध निघाला, सल्फाच्या गोळ्यांचा सर्वात जास्त, आणि धोका तरुण वयात अधिक. मी कपाटातली फाईल काढली. सायनससाठी खडा दिसण्याआधीच्या वर्षात चार कोर्स! त्यातले दोन तर मीच, डॉक्टरांना न विचारता, जुनी चिठ्ठी दाखवून आणलेले. यावरून माझा खडा त्यामुळेच झाला असं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण फाईल बंद करताना जरा लाजच वाटली.

असो. दूध मी घाबरून बंद केलं होतं, ते परत सुरू केलंय. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर नेतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग अळूत दही घालून खा. पुढची सोनोग्राफी मार्चमध्ये आहे.